शायलोचें सोन्याचें नाणें

अमेरिकेंतील साउथ कॅरोलायना राज्यांत, चार्ल्स्टन बंदराजवळच्या एका प्रयोगशाळेंत, वीस डॉलर किंमतीचें एक सोन्याचें नाणें जतन करून ठेवण्यांत आलें आहे. तें १८६० सालीं पाडलेलें. त्याचें मूळचें वजन आपल्याकडील हिशेबानें तीन तोळ्यांस किंचित् कमी, आणि रुंदी जुन्या चांदीच्या रुपयापेक्षां थोडी अधिक. परंतु हें नाणें सपाट नाहीं. ओल्या मातीच्या पणतीवर अंगठा दाबावा तसें तें वांकलेलें आहे. एका अंगास स्वातंत्र्यदेवतेचें मुख तसेंच आहे. दुसऱ्या अंगावरील गरुडाचें चिन्ह मात्र घासून नाहींसें केलेलें असून त्या गुळगुळीत जागेवर चार ओळी कोरलेल्या आहेत. पहिल्या ओळींत एका ठिकाणाचें नांव: शायलो. दुसरींत तारीख: ६ एप्रिल १८६२. तिसरींत म्हटलें आहे, 'माझा प्राणरक्षक'. आणि चौथींत तीन आद्याक्षरें: जी. ई. डी.

नाणकशास्त्रज्ञाच्या दृष्टीनें घासलेलें आणि कोरलेलें नाणें म्हणजे बिघडलेलें नाणें. त्याला तो सहसा हात लावीत नाहीं. परंतु युद्धकाळांत शिपायांनीं आपल्या हातानें किंवा सोनाराकडून कोरून घेतलेल्या नाण्यांची एक निराळीच जात आहे, आणि तिच्या पाठीमागें बहुधा एक साधी धास्ती उभी असते. त्या काळच्या शिपायाला सरकारकडून ओळखीचा बिल्ला मिळत नसे. अमेरिकन सैन्यांत असा बिल्ला बाळगण्याचा हुकूम निघाला तो १९०६ सालीं. तत्पूर्वीं, १८६१ ते १८६५ पर्यंत चाललेल्या यादवी युद्धांत, शिपाई छावणीच्या मागून फिरणाऱ्या दुकानदारांकडून नांव ठोकलेली चकती विकत घेत. कोणी चपट्या केलेल्या नाण्यावर आपलें नांव कोरीत. कोणी लढाईच्या आदल्या रात्रीं कागदाच्या चिठोऱ्यावर नांवगांव लिहून तें कोटाच्या पाठीस टांचून ठेवीत. आपण पडलों तर बेवारशी प्रेत म्हणून पुरले जाऊं, आणि घरच्या माणसांस कधींच कांहीं कळणार नाहीं, ही ती धास्ती होती. प्रस्तुत नाणें या जातींतलें असलें तरी त्याचा हेतु वेगळा आहे. मेल्यावर ओळख पटावी म्हणून तें कोरलेलें नाहीं. जिवंत राहिल्याची नोंद म्हणून कोरलेलें आहे.

तीन आद्याक्षरांमागचा माणूस म्हणजे जॉर्ज ई. डिक्सन. अलाबामा राज्यांतील मोबील या बंदरगांवीं तो आगबोटीवर यंत्रज्ञ होता. युद्ध सुरू झालें तेव्हां तो दक्षिणेकडील राज्यांच्या सैन्यांत एकविसाव्या अलाबामा पलटणींत दाखल झाला. त्याच्याविषयीं एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. क्वीनी बेनेट नांवाच्या एका तरुण मुलीनें, पलटण निघण्याच्या वेळीं, शुभशकुनाची भेट म्हणून त्याला वीस डॉलरचें सोन्याचें नाणें दिलें. तें त्यानें विजारीच्या खिशांत ठेवलें. शायलोच्या लढाईंत गोळी नेमकी त्या खिशावर बसली. नाणें वांकलें, पण मांडी वांचली. आणि डिक्सननें तें नाणें मरेपर्यंत जवळ बाळगलें. कथा गोड होती आणि तिला पुरावा नव्हता. प्रत्येक युद्धानंतर अशा कथा निघतातच. कोणाचा जीव छातीवरच्या धर्मग्रंथानें वांचतो, कोणाचा घड्याळानें, कोणाचा आईनें बांधलेल्या ताइतानें. त्यांतल्या बहुतेक कथा ऐकून सोडून देण्याच्या योग्यतेच्या असतात, आणि जाणत्या इतिहासकारांनीं हीहि तशीच सोडून दिली असती तर त्यांना कोणी दोष दिला नसता.

शायलोची लढाई टेनेसी राज्यांत १८६२ च्या एप्रिलच्या ६ आणि ७ तारखांस झाली. शायलो हें तेथील एका लांकडी प्रार्थनामंदिराचें नांव. दोन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून साडेतेवीस हजारांहून अधिक लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. तोपर्यंत अमेरिकन भूमीनें एवढा संहार पाहिला नव्हता. त्या काळच्या बंदुकींतील शंकूच्या आकाराची मऊ शिशाची गोळी हाडावर आपटली म्हणजे हाडाचा चुरा करी. मांडीचें हाड मोडलें कीं पाय कापणें हा एकच उपाय असे, आणि तो उपाय झालेल्यांपैकींहि पुष्कळजण दगावत. दक्षिणी सैन्याचा सेनापति अल्बर्ट सिडने जॉन्स्टन यालाहि त्याच दिवशीं पायांत गोळी लागली. गुडघ्यामागची रक्तवाहिनी तुटली, रक्त बुटांत सांचत गेलें, आणि तें कोणाच्या लक्षांत येण्यापूर्वींच तो गेला. आपला शस्त्रवैद्य त्यानें थोड्याच वेळापूर्वीं इतर जखमींकडे पाठविला होता. रक्त थांबविण्याची पट्टी त्याच्या खिशांतच होती. एकाच सैन्यांतल्या, एकाच दिवशीं जखमी झालेल्या या दोन माणसांच्या खिशांतल्या वस्तूंची तुलना केल्यावांचून राहवत नाहीं. तथापि तिच्यांतून कांहीं तात्पर्य काढूं पाहणें व्यर्थ आहे.

जखम भरून येत असतां डिक्सन मोबील येथें परतला, आणि तेथें त्याची गांठ एका विलक्षण यंत्राशीं पडली. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेच्या सर्व बंदरांची नाकेबंदी केली होती. ती फोडण्यासाठीं होरेस हन्ली, जेम्स मॅक्लिंटॉक व बॅक्स्टर वॉटसन या तिघांनीं तेथील एका कारखान्यांत लोखंडी पत्र्याची पाणबुडी बांधली. लांबी सुमारें चाळीस फूट. आंत उभें राहण्यापुरतीहि उंची नाहीं. सात माणसांनीं ओळीनें बसून हातानें दांडा फिरवावयाचा, आठव्यानें पुढें बसून दिशा धरावयाची. १८६३ च्या ऑगस्टमध्यें ती रेल्वेनें चार्ल्स्टनला नेण्यांत आली. महिना संपण्यापूर्वींच ती बुडून पांच माणसें मेलीं. ती वर काढली, धुतली, पुन्हां पाण्यांत सोडली. १५ ऑक्टोबर रोजीं ती पुन्हां बुडाली, आणि त्या वेळीं स्वतः हन्लीसह आठजण गेले. यानंतर तिचें नेतृत्व मागून घेणारा मनुष्य म्हणजे लेफ्टनंट डिक्सन. सेनापति बोरगार्ड यानें परवानगी दिली ती नाखुषीनेंच. जो येईल तो स्वेच्छेनें यावा, आणि आधीं या बोटीची हकीकत त्यास सांगितली जावी, अशी त्याची अट होती.

१७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्रीं डिक्सन सात सोबत्यांसह निघाला. बोटीच्या नाकाशीं लांब दांडा आणि त्याच्या टोंकास सुमारें १३५ पौंड दारू भरलेला सुरुंग होता. बंदराबाहेर नांगरलेल्या 'हूसाटॉनिक' या युद्धनौकेच्या कुशींत तो फुटला, आणि ती नौका पांचएक मिनिटांत तळाला गेली. तिच्यावरील पांच माणसें मेलीं. बाकीचीं डोलकाठ्यांवर चढून वांचलीं, कारण तेथें पाणी उथळ होतें. शत्रूची युद्धनौका पाणबुडीनें बुडविल्याचा जगाच्या इतिहासांतील हा पहिला प्रसंग होय. पाणबुडी मात्र परत आली नाहीं. शायलोची कथा, नाणें आणि आठ माणसें, सर्वच चार्ल्स्टनच्या समुद्रांत नाहींसें झालें.

१९९५ सालीं कादंबरीकार क्लाइव्ह कस्लर यानें उभारलेल्या शोधपथकाला तिचा ठाव लागला. सुमारें तीस फूट पाण्याखालीं, वाळू आणि चिखलाच्या थरांत ती निजल्यासारखी पडली होती. ८ ऑगस्ट २००० रोजीं ती वर काढण्यांत आली, आणि पुढील वर्षीं आंतला गाळ थराथरानें उपसण्यास सुरुवात झाली. सांगाडे आपापल्या जागीं होते. दारावर गर्दी करून सुटण्याची धडपड केल्याचें चिन्ह दिसलें नाहीं. पुढच्या मनोऱ्याखालीं नायकाची जागा. मे २००१ मध्यें पुरातत्त्वज्ञ मारिया जेकबसेन तेथील गाळ बोटांनीं चांचपीत असतांना त्यांच्या बोटांस नाण्याची दांतेरी कड लागली. गाळ निघाला, सोनें चमकलें, आणि कोरलेल्या चार ओळी वाचतां आल्या.

येथून पुढें खरें संशोधन सुरू होतें. नाणें सांपडल्यानें कथा सिद्ध झाली असें त्या दिवशीं सर्वांस वाटलें, आणि वृत्तपत्रांनीं तसेंच छापलें. परंतु पुरावा म्हणून वस्तु हातीं आली म्हणजे तिला एकेक प्रश्न वेगवेगळा विचारावा लागतो. पहिला प्रश्न: नाणें कोणाचें? आद्याक्षरें जुळतात, जागा जुळते. यांत संशय नाहीं. दुसरा प्रश्न: तें खरोखर गोळीनेंच वांकलें काय, आणि तेंहि अंगावर असतांना? याचें उत्तर नाण्यानें दिलें नाहीं, हाडांनीं दिलें. स्मिथ्सोनियन संस्थेचे अस्थितज्ञ डग्लस आउस्ली यांनीं सांगाडा तपासला, तेव्हां डाव्या मांडीच्या हाडाच्या वरच्या भागांत बऱ्या झालेल्या बंदुकीच्या जखमेची खूण आणि शिशाचे कण आढळले. म्हणजे गोळी आली होती, अंगांत थोडी शिरलीहि होती, परंतु हाड मोडण्याइतका जोर तिच्यांत उरला नव्हता. कोरलेली तारीख, वांकलेलें सोनें आणि भरलेली जखम या तीन स्वतंत्र साक्षी एकमेकींस पुष्टि देतात. शायलोची हकीकत येथें दंतकथा राहत नाहीं.

तिसरा प्रश्न मात्र अडचणीचा आहे. नाण्यावर क्वीनी बेनेट कोठें आहे? ती तेथें नाहीं. तिचें नांव नाहीं, आद्याक्षर नाहीं, भेट दिल्याचा शब्द नाहीं. आणि थोडा विचार केला तर नसणेंच स्वाभाविक आहे, कारण हा लेख गोळी लागल्यानंतरचा आहे. भेटीच्या वेळीं तें नाणें कोरेंच असणार. तथापि जखमेनंतर सोनारापुढें बसून चार ओळी सांगणाऱ्या माणसानें नाण्याला प्राणरक्षक म्हटलें, देणारीचा उल्लेख केला नाहीं, हेंहि तितकेंच खरें. एवढी मोठी रक्कम खिशांत असण्यास प्रेमिकेची भेट हेंच एक कारण संभवतें, असेंहि नाहीं. वीस डॉलर म्हणजे दक्षिणी सैन्यांतील साध्या शिपायाचा जवळजवळ दोन महिन्यांचा पगार. तो महिन्याला अकरा डॉलर होता. परंतु डिक्सन कांहीं कंगाल शिपाई नव्हता. आगबोटीवरच्या यंत्रज्ञाला बरी मिळकत असे, आणि कागदी चलनावर ज्याचा विश्वास नाहीं असा मनुष्य आपली शिल्लक सोन्यांत जवळ ठेवतोच. त्याच्या जागीं गाळांत सोन्याचें घड्याळ, हिऱ्यांची अंगठी आणि हिरेजडित ब्रोचहि सांपडलें. हे दागिने क्वीनीसाठीं होते असें कोणी लगेच म्हणाले. तें तितक्याच सहजपणें दुसरें कांहींहि असूं शकेल.

क्वीनी ही कल्पनेंतली मुलगी नव्हे. ती मोबील येथें खरोखर होती, नदीवरच्या आगबोटीच्या एका कप्तानाची मुलगी होती, आणि युद्ध सुरू झालें तेव्हां ती पोरवयांतच होती. आगबोटीवरचा यंत्रज्ञ आणि आगबोटीच्या कप्तानाचें घर यांची ओळख असणें अगदीं संभवनीय आहे. पुढें तिनें दुसऱ्या गृहस्थाशीं विवाह केला व संसार केला, आणि नाण्याची कथा तिच्या वंशजांत टिकली. घरांत टिकलेल्या कथेला कांहींच किंमत नाहीं असें म्हणणें चुकीचें होईल. याच कथेचा उत्तरार्ध समुद्राच्या तळाशीं जसाच्या तसा खरा निघाला. पण उत्तरार्ध खरा निघाला म्हणून पूर्वार्ध आपोआप खरा ठरत नाहीं. ज्या घरानें गोळीची गोष्ट बरोबर सांगितली, त्यानें भेटीची गोष्टहि बरोबर सांगितली असावी, इतकेंच अनुमान न्याय्य आहे.

नांवाची चकती मिळाली म्हणजे माणूस मिळाला, असें समजणाऱ्यांना त्याच पाणबुडीनें एक धडा दिला. नाणें सांपडलें त्याच वर्षीं दुसऱ्या एका सांगाड्याच्या मानेजवळ तांब्याची ओळखचकती सांपडली. तिच्यावर नांव होतें एझ्रा चेंबरलिन, सातवी कनेटिकट पलटण. म्हणजे उत्तरेकडच्या सैन्यांतला शिपाई! दक्षिणेच्या पाणबुडींत शत्रूचा मनुष्य कसा आला? तो फितूर होता काय, कैदी होता काय, हेर होता काय, अशा नाना तर्कांना ऊत आला. संशोधकांनीं कनेटिकट राज्याच्या सैनिकांच्या नोंदी काढून पाहिल्या. किलिंग्ली गांवचा एझ्रा चेंबरलिन हा ११ जुलै १८६३ रोजीं चार्ल्स्टनजवळच्या वॅग्नर तटावरील हल्ल्यांत ठार झालेला होता. म्हणजे पाणबुडी चार्ल्स्टनला येण्यापूर्वींच. सांगाडा होता जोसेफ रिजवे या डिक्सनच्या सोबत्याचा. रणांगणावर पडलेल्या शत्रूच्या अंगावरची चकती हस्ते-परहस्ते त्याच्याकडे आली आणि त्यानें ती गळ्यांत घातली, हाच उलगडा सर्वांत सरळ आहे. आपलें नांव हरवूं नये म्हणून ज्यानें ती चकती घेतली, त्याचें नांव पाणबुडीच्या पोटांत एकशें सदतीस वर्षें भलत्याच माणसाच्या गळ्याशीं राहिलें. नोंदवह्या नसत्या, तर रिजवेच्या हाडांवर चेंबरलिनचें नांव लागावयास वेळ लागला नसता.

डिक्सन स्वतः कोण, कोठला, हा प्रश्न याहून कठीण ठरला. मोबील येथें येण्यापूर्वींचें त्याचें आयुष्य कागदपत्रांतून उलगडण्यासाठीं वंशावळतज्ञांनीं जनगणनेच्या याद्या, पलटणीचे हजेरीपट आणि तो ज्या फ्रीमेसन मंडळाचा सभासद होता त्याचीं दप्तरें धुंडाळलीं. जॉर्ज हें नांव आणि डिक्सन हें आडनांव, दोन्हीहि तिकडे आपल्याकडच्या रामा-गोविंदाइतकीं सामान्य. त्यामुळें याद्यांत डिक्सन पुष्कळ सांपडतात, आणि त्यांतला हा कोणता हें ठरेना. शेवटीं कागदांपेक्षां दांत व हाडेंच अधिक बोललीं. लहानपणीं मनुष्य काय खातो याची खूण त्याच्या दांतांत व हाडांत कर्बाच्या प्रकारांवरून ओळखतां येते. मका खाऊन वाढलेला अमेरिकन आणि गहूं-राय खाऊन वाढलेला युरोपियन यांत फरक दिसतो. त्यावरून पाणबुडींतील आठांपैकीं चार अमेरिकेंत वाढलेले आणि चार युरोपांतून आलेले निघाले. डिक्सन पहिल्या चारांतला. वय पंचविशीच्या आसपास. दक्षिणेच्या स्वातंत्र्यासाठीं प्राण देणारे सारे दक्षिणेचेच सुपुत्र, अशी जी समजूत स्मारकांवरच्या भाषणांतून रूढ झाली होती, तिला या दांतांनीं चांगलाच धक्का दिला.

त्या 'स्वातंत्र्या'विषयींहि एक शब्द बोलणें भाग आहे. दक्षिणेकडील राज्यें फुटून निघालीं तीं गुलामगिरी टिकविण्यासाठीं. डिक्सनचें शौर्य खऱ्या अर्थानें शौर्य असलें तरी तें त्या कार्याच्या चाकरीस लागलें होतें. प्रेमिकेची भेट आणि वांकलेलें सोनें यांची कथा इतकी लोकप्रिय होण्यास कारणें पुष्कळ असतील. त्यांतलें एक हें, कीं ती ऐकतांना मोबीलच्या गुलामबाजाराची आठवण होत नाहीं. नाण्यावरून घासून काढलेल्या गरुडाबरोबर 'संयुक्त संस्थानें' हे शब्दहि गेले, हें पाहून कित्येकांनीं त्यांत बंडखोर निष्ठेचें चिन्ह शोधलें. तें अतिच झालें. कोरण्यास सपाट जागा हवी, आणि मुखाची बाजू सहसा कोणी घासीत नाहीं, इतकें साधें कारण त्याला पुरेसें आहे.

त्यापेक्षां तिसऱ्या ओळींतले शब्द अधिक लक्षांत घेण्यासारखे आहेत. 'प्राणरक्षक' म्हणून ज्याचें येथें भाषांतर केलें, ते मूळचे शब्द 'लाइफ प्रिझर्व्हर' असे आहेत. आगबोटींवर बुडणाऱ्यास तरंगत ठेवण्यासाठीं जे पट्टे ठेवीत त्यांना तेथें याच नांवानें ओळखीत. आगबोटीवर नोकरी केलेल्या माणसाच्या तोंडीं हा शब्द रोजचा असणार. बाजारांतले ठरीव भावनापर शब्द सोडून त्यानें आपल्या धंद्यांतला शब्द घेतला, आणि तो किंचित् विनोदानें घेतला असावा. जॉर्ज डिक्सन या माणसाचा आवाज ऐकूं येतो तो या दोन शब्दांत.

पाणबुडी कशानें बुडाली यावर अद्याप एकमत नाहीं. दांड्याच्या टोंकास सुरुंगाच्या तांब्याच्या आवरणाचा तुकडा चिकटलेला आढळल्याचें २०१३ सालीं जाहीर झालें. म्हणजे स्फोट झाला तेव्हां बोट विसएक फुटांच्याच अंतरावर होती. स्फोटाच्या दणक्यानेंच आंतील माणसें जागच्या जागीं मेलीं, असें मानणारा एक पक्ष आहे; त्याविरुद्ध बोलणारेहि आहेत.

१७ एप्रिल २००४ रोजीं आठहि जणांचे अवशेष चार्ल्स्टनच्या मॅग्नोलिया स्मशानभूमींत, याच पाणबुडींत पूर्वीं मेलेल्या लोकांच्या शेजारीं पुरण्यांत आले. करड्या गणवेषांतल्या हौशी पलटणी आणि हजारों लोक मिरवणुकीनें गेले. डिक्सननें शायलोपासून बावीस महिने खिशांत बाळगलेलें, आणि त्यानंतर एकशें सदतीस वर्षें त्याच्याजवळ राहिलेलें तें नाणें त्याच्याबरोबर पुरलें नाहीं. तें संशोधकांकडे राहिलें, आणि कोरलेली बाजू वर करून काचेआड ठेवण्यांत आलें.